पंधरा दिवस मागचा श्रावण

पन्नालालजींच्या दुकानाला स्वतःचा एक वास आहे. हिंग, गूळ, उदबत्ती आणि पावसाळी हवेने दमटलेली गोणपाटे यांचा तो वास सिविल लाइंसच्या वळणावर आला, की घर जवळ आल्याचे डोळे मिटूनही कळावे. यंदा त्याच वळणावर, दुकानाच्या अगदी समोर, कुणा नव्या कंपनीने काचेचे उजळ यंत्र उभे केले. मोबाइलवरून पैसे दिले, बटण दाबले, की पाकीट धपकन खाली पडे.

खोटे कशाला बोलू, मला ते यंत्र फार आवडले. पन्नालालजींना चौकशा फार, "भाभीजी, आज शक्कर ज़्यादा, मेहमान आए हैं का?" यातून सुटका म्हणजे मला सुटीच वाटली. श्रावणाचे पहिले दोन सोमवार उपासाचे सारे मी तिथूनच घेतले, दुकानाकडे पाठ करून, चोरासारखी. साऱ्या कॉलनीने तेच केले असावे, कारण राखी झाली की दुकान बंद करून मुलाकडे ग्वाल्हेरला जाणार, असे पन्नालालजी म्हणू लागले. ते ऐकून मला माझीच लाज वाटली.

आमच्या घराण्याला झाशीत कित्येक पिढ्या झाल्या. मुलांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येते. पंचांग मात्र आम्ही बदललेले नाही. इथला सावन आमच्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आमचा श्रावण तेव्हा निम्मा उरलेला असतो. राखीनंतरच्या सोमवारी, ऊन आणि पाऊस दोन्ही अंगावर घेत यंत्रापाशी गेले, तर उपासाचे सारे जाऊन तिथे लसणी शेव लागली होती.

समोरचे दुकान उघडे होते. मी ओशाळून पायरी चढले, तोच पन्नालालजींनी न विचारता साबुदाणा आणि वरीचे तांदूळ पुढे ठेवले.

"आपको सावन तौ अबै बाकी है न!"

ग्वाल्हेरचे काय झाले, असे मी विचारले.

"पैलें आपको सावन निपट जाए, फिर जाएँ।"

एवढ्या शहरात आमचा महिना आमच्याइतकाच ध्यानात ठेवणारा हा एक माणूस, आणि मी त्याच्याकडेच पाठ फिरवली होती! डोळे भरून आले आणि हसूही फुटले. मी सांगून टाकले, की श्रावण संपताच आमचे गणपती येतात, पाठोपाठ महालक्ष्म्या, मग नवरात्र. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मोदकांना नारळ किती लागतील, ते विचारले.

मी मुद्दामच मोठा आकडा सांगितला.