फ्लेक्सवरचे नंबर

संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी उज्वला निकम सिडकोतल्या समाजमंदिरात वेदिकाने लिहिलेली भरतीची पोस्ट तपासत होत्या. अंबडच्या एका कारखान्यात त्या सुटे भाग तपासतात. पहिली पाळी संपली की परिसरातल्या मंडळांच्या तरुण प्रमुखांना सोशल मीडिया शिकवतात.

एकोणीस वर्षांची वेदिका मुलींच्या ढोल पथकाची प्रमुख. गेल्या वर्षी तिने भरतीच्या पोस्टखाली, फ्लेक्सवर असतात तसे, पाच मुलींचे मोबाइल नंबर दिले होते. नको त्या लोकांचे फोन सुरू झाले आणि दोघींना घरच्यांनी पथक सोडायला लावलं. यंदा बारा नव्या मुली आल्या नाहीत तर पथक बंद पडणार होतं. तरी पोस्ट टाकायला तिचा हात धजावत नव्हता.

"ताई, नंबर नसले तर लोकांना पथक खोटं वाटेल."

"मग माझा टाक. माझ्याशी बोलल्यावर कुणी दुसऱ्यांदा फोन करत नाही."

वेदिका हसली. नंबरांची ओळ तिने स्वतःच खोडली आणि तिथे लिहिलं, 'पथकाच्या खात्यावर मेसेज करा.' वाह्यात मेसेज आला तर उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवून ब्लॉक करायचं, हे दोघींनी एक खोटा मेसेज पाठवून करून पाहिलं. मग वेदिकाने पोस्ट टाकली.

साडेसहापर्यंत चार मुलींनी विचारणा केली. एकीचा प्रश्न होता, 'सरावाला आई आली तर चालेल का?'

"काय लिहू?"

"प्रमुख कोण आहे?"

वेदिकाने लिहिलं, 'चालेल.'

उद्याचा सराव संध्याकाळी सहाला आहे. उज्वलाताईंची पाळी सकाळी सातला सुरू होते, म्हणून त्या घरी निघाल्या; पुढच्या मेसेजना वेदिकाच उत्तरं देणार होती.