ज्याची राख, त्याची टोपली

राखमावशीले चिमूटभर राख द्या, ती कोणाच्या चुलीची ते सांगे. दोन बोटांत चोळे, फुंकर मारे अन् म्हणे, "हे बाभळीच्या लाकडाची, मास्तरणीची." एकदाच चुकली होती, तेव्हाही लाकूड मास्तरणीनंच बदललं होतं. तिचं खरं नाव भाड्याच्या पावतीवर असन. आमच्या बिल्डिंगीत ते कोणी कधी घेतलं नाही.

धंतोलीच्या मागच्या गल्लीत दोन मजल्यांची बिल्डिंग होती ती. खाली सहा खोल्या, त्यात आम्ही भाडेकरू, मास्तरीण, सायकलवाला, मावशी, मी अन् आणखी दोन घरं. वरचा मजला सारा मालकाचा. मागच्या भिंतीले लागून एकच नाली, तिच्यात वरचं पाणीही येई अन् आमचंही. रस्त्याच्या कोपऱ्यावर कचऱ्याची कुंडी. मी तिथं राहाले आली तेव्हा माहा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. पदरात दोन पोरी. सासरी पिढ्यांचा हातमाग होता, तो बसला. मी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून देत होती. शिक्षण माहं चौथी, तीही अर्धी. म्हणून जसं बोलते तसंच हे लिहून राहिली.

मावशी एकटी राहे. रामदासपेठेत चार घरचे भांडे घाशे. तेव्हा भांडे राखेनंच घासत, अन् घराघरची राख वेगळी. "वीस वर्ष राख चोळली वं," मले म्हणे, "एवढ्यात तं मुलगी लहानाची मोठी होते. मले राख नाही ओळखू येईन?" लाकडाची राख पांढरी, मऊ. माही शेगडी भुशाची, लाकडं कापाच्या आरा मशीनीवरून भुसा आणाचा अन् ठोकून भराचा. तिची राख काळी अन् इतकी हलकी, का बोललं तरी उडे. दगडी कोळशाची राख जड, तांबूस, तिच्यात जळून दगड झालेले तुकडे. भांड्याले ओरखडे पाडे म्हणून मावशी तिले शिव्या देई.

सकाळी ती आपलं अंगण झाडे. आपलं म्हणजे आपल्या उंबरठ्याएवढं, त्याच्यापुढं एक बोट नाही. मास्तरणीनं एकदा म्हटलं, "मावशी, हातात फडा आहेच तं आमच्याही दारापुढं मारा ना दोन हात."

"तुहा हात मोडला काय वं?"

"नाही तं."

"मग मोडला का सांग. तेव्हा झाडीन."

मास्तरणीले तोंडावर मारल्यासारखं झालं. पण पुढं त्याच मास्तरणीले टायफॉइड झाला, तेव्हा मावशीनं पंधरा दिवस तिचं अंगण झाडलं, भांडे घासले, तिच्या लेकराची वेणी घातली. बाई उठून उभी राहिली त्या दिवशी फडा तिच्या हातात दिला. "घे, आता तुहं तू."

याच्यामागं काय होतं ते तिनं मले एकदाच सांगितलं. तिचं माहेर नरखेडकडचं. तिची माय गावाचा रस्ता झाडे, अन् लोक वरून भाकर टाकत. "दीक्षा घेऊन आम्ही गावात परत आलो," मावशी म्हणे, "तं माह्या मायनं गावाचा फडा पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. म्हटलं, हा तुमचा, तुम्ही ठेवा. तवापासून आमच्या घरात फडा एकच. घरचा."

आमच्या मालकाची एक रीत होती. नाली भरली का तो खाली ये अन् एका भाडेकरूचं नाव घे. ज्याचं नाव निघालं त्यानं नाली काढाची, नाही तं खोली खाली कराची. एकाचं नाव निघालं का बाकीचे पाच सुटले, म्हणून कोणी बोले ना. मीही बोलली नव्हती, खोटं काहून सांगू. सायकलवाल्याचं नाव निघालं तेव्हा मी दार लावून आत बसली होती.

त्या साली धंतोलीत दवाखान्यामागं दवाखाना उभा होऊन राहिला होता. गावोगावचे पेशंट येत, त्यांच्या नातेवाइकांले खोल्या लागत. मालकाले आमच्यासारखे महिन्याचे भाडेकरू जड झाले. नाली भरली अन् काळं पाणी आमच्या दारापर्यंत आलं. मालक खाली आला, धोतर वर धरून, अन् त्यानं माह्याकडं बोट केलं.

"हिच्या शेगडीची राख आहे ही. भुसा जाळते, राख नालीत लोटते. वरून सुताचे गुंते. महिना झाला का खोली खाली करा, बाई."

दोन पोरी घेऊन मी कुठं जाणार? विणकराच्या घरची बाई सूत कधी फेकत नाही, तुटलेल्या धाग्याच्याही वाती करते, एवढं तं मले सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पदर तोंडात धरून उभी राहिली. बाकीचे खाली पाहत होते, मी पाहे तसे.

मावशी कामावरून येऊन राहिली होती. पाणी पाहून थांबली. लुगडं खोचलं, नालीकाठी बसली, अन् कोपरापर्यंत हात आत घातला. मास्तरणीनं नाक दाबलं.

मालक हसला. "बरं केलं. काढ. नाही तरी काम तुमचंच आहे हे."

मावशीनं मान वर केली नाही.

"काढून नाही राहिली, मालक. पाहून राहिली."

मूठभर गाळ तिनं वर काढला, हातावर पसरला. मग मले म्हणे, "मागवाली, शेगडीतली राख आण. अन् दोन बादल्या पाणी."

मले ती मागवाली म्हणे, मागावरून. मी आणलं. एका बादलीत तिनं माही राख टाकली. ती वर तरंगली, काळी साय आल्यासारखी. दुसरीत नालीतली टाकली. ती खळकन तळाले गेली.

"पाहा," ती म्हणे, "भुशाची वर राहते. हे दगडी कोळशाची."

"मग असन दुसऱ्या कोणाची," मालक म्हणाला. "आमच्याकडं तं गॅस आहे."

गॅस तेव्हा नवाच होता अन् मालक तो येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवे.

"स्वयंपाक गॅसवर करता. आंघोळीचं पाणी?" मावशी म्हणे. "तुमचा बंब सकाळी इंजिनासारखा धुपते. या साऱ्या खोल्यांत बंब कोणाकडं आहे, सांगा बरं."

"बाई, तोंड सांभाळ!"

"माह्यावर काहून चिडता? बादली काय माही नातलग आहे, माह्यासाठी खोटं बोलाले?"

सायकलवाला फिसकन हसला. तेवढ्यात वरच्या मागच्या खिडकीतून आवाज आला. मालकाची सून होती. डोक्यावर पदर, आवाज बारीक. "मामाजी, बंबाची राख मीच मोरीत टाकते. तुम्हीच म्हटलं होतं, आमच्या घरची सून टोपली घेऊन कुंडीपर्यंत जात नाही म्हणून."

मालक वर निघून गेला. मावशी होती तोवर माह्या खोलीचं नाव त्यानं मग घेतलं नाही.

साऱ्यांले दिसावं म्हणून मावशीनं नालीतली राख काठावर ओढून ढीग केला अन् हात धुतले. ढीग तिथंच. दोन दिवस, चार दिवस. वास सुटला. मालकानं तो उचलाले रस्त्यावरचा एक माणूस बोलावला. मावशी त्याले म्हणे, "तू टाकली काय गा? मग तू काहून उचलतं? ज्याची राख, त्याची टोपली." तो डोकं खाजवत परत गेला. पाचव्या दिवशी पहाटे मालक स्वतः घमेलं घेऊन उतरला, कोणी पाहू नये म्हणून. पण सहाही दारं उघडी होती. आम्ही नुसतं पाहिलं.

मी मावशीचे पाय धराले गेली तं तिनं पाय मागं घेतले. "तुह्यासाठी नाही आली मी. अन् तू मुक्यासारखी काहून उभी होती वं? तुही राख तुले ओळखू आली नाही?" मी रडली. ती म्हणे, "रडणं झालं का चहा ठेव."

तीन-चार वर्षांनी तिचे गुडघे गेले. भावाचा मुलगा नरखेडकडं संत्र्याच्या बागेत कामाले होता, तो न्याले आला. जायच्या दिवशी तिनं खोली झाडली, चुलीतली शेवटची राख स्वतः कुंडीत टाकून आली, लंगडत. टोपली नळावर धुतली अन् मले दिली.

महिना झाला नसन. सकाळी दार उघडलं तं उंबरठ्यासमोर राखेचा ढीग. तांबूस, जड, दगडाचे तुकडे असलेला. मालक जिन्यात उभा. "काय बाई, दारापुढं हे काय घाण? मावशी गेली तं झालं सुरू?"

पोरी मागून पदर धरून उभ्या. मी त्या ढिगाजवळ खाली बसली, चिमूटभर घेतली, चोळली. या खेपेले आवाज निघाला.

"मालक, बादली आणू काय?"

एक दार उघडलं, मग दुसरं. मालक पाठ फिरवून वर गेला. दुपारी त्याची सून उतरली, उघड्या माथ्यानं, घमेलं घेऊन. ढीग भरला अन् भर रस्त्यानं कुंडीपर्यंत नेला. जाताना माह्याकडं पाहून थोडी हसली.

त्या खोलीतून मी माह्या दोन्ही पोरींचे लग्न करून निघाली. माह्या मर्जीनं.

ही ढिगाची गोष्ट सांगाले मी त्याच उन्हाळ्यात एसटीनं नरखेडकडं गेली होती. मावशी बाजेवर होती, हाडांची मोळी. त्यानंतर आमची भेट झाली नाही, पावसाळ्यात ती गेली. मी सारं सांगितलं, बादलीचं, जिन्याचं, सुनेचं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मले वाटलं, शाबास म्हणन.

"तू उचलली तं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी."

"मग बस," म्हणे. "चहा पिऊन जा."