पातळ पडद्यावरचा डग्गा

सावद्याचा माझा मावसभाऊ मस्कतला नोकरीला होता. सुटीवर येताना त्याने स्वतःसाठी एक भला मोठा हेडफोन आणला, आणि प्रवासातच त्या हेडफोनचा डावा कान मुका झाला. मी जळगावला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, म्हणून तो हेडफोन माझ्याकडे आला. "सुधरला तर तूच ठेव," असं म्हणून मावसभाऊ निघून गेला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

मी तो उघडला तेव्हा आत वेगळाच प्रकार दिसला. नेहमीच्या हेडफोनमध्ये शंकूसारखा एक छोटा कोन असतो आणि त्याच्या मधोमध तारेची गुंडाळी. गुंडाळी मधून ढकलते, कडा तिच्यामागून हलतात. इथे कोन नव्हताच. कांद्याच्या पापुद्र्यासारखा, तळहाताएवढा पडदा होता. त्यावर चपटी तार नागमोडी चिकटवलेली, आणि पडद्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडलेले चुंबक. प्रवाह आला की अख्खा पडदा एकदम हलणार. डावीकडे तो फाटला होता आणि वळणावर तारही तुटली होती. असा पडदा आपल्याकडे मिळणं शक्य नव्हतं. मी हेडफोन कपाटात ठेवून दिला.

त्याच हिवाळ्यात माझा मोठा भाऊ धुळ्यात स्कूटरवरून पडला आणि त्याची मांडी मोडली. तो तबला शिकवायचा, आसपासच्या गावांत गायकांना साथ करायला जायचा. डॉक्टरांनी पायाला वजन बांधून त्याला पलंगावर झोपवलं आणि उन्हाळ्यापर्यंत उठायचं नाही असं बजावलं. घर दीड खोलीचं. वहिनी शाळेत शिक्षिका होत्या. संध्याकाळी त्याच खोलीत त्यांचं पेपर तपासणं, शिकवणीच्या मुली, स्वयंपाक. भावाला दिवसभर कॅसेट ऐकायच्या असत. दोन्ही जमेना, म्हणून मी जळगावहून एक साधा हेडफोन नेला.

त्याने तो लावला, दोन-चार मिनिटं ऐकलं आणि काढून पलंगावर टाकला.

"यात डग्गा वाजत नाही," तो म्हणाला, "डबा वाजतो."

मग मला कपाटातल्या हेडफोनची आठवण झाली.

पडदा मी घरीच केला. प्रयोगशाळेतले मोडीत निघालेले मोठे कपॅसिटर उलगडले की आत पॉलिएस्टरची अतिपातळ फीत निघते. तिच्यावर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवला आणि सराफ बाजारातून आणलेल्या बारीक चिमट्याने व ब्लेडने त्याची नागमोडी पट्टी कापली. दोन्ही कान सारखे वाजायला हवेत, म्हणून चांगला उजवा पडदाही काढून टाकावा लागला. ते जिवावर आलं. पहिले काही पडदे फाटले. मग एक जोडी जमली. ती मी चौकटीवर चांगली ताणून बसवली, कारण सैल पडदा चुंबकाला घासेल अशी भीती होती.

जळगाव ते धुळे एसटीत मी तो हेडफोन मांडीवर धरून नेला. पारोळ्याच्या स्टँडवर शेजारच्या बाईंनी विचारलं, "डोक्याच्या मापाचं यंत्र शे का?" मी हो म्हटलं.

भावाच्या टेपरेकॉर्डरला जोडला तर आवाज मुंगीएवढा. दोन चुंबकांच्या मधल्या रुंद फटीत एवढा मोठा पडदा हलवायला त्या टेपची ताकद पुरत नव्हती. मी परत गेले, एक ॲम्प्लिफायर बांधला आणि पुढच्या रविवारी घेऊन आले. आता आवाज आला. भाऊ डोळे मिटून ऐकत राहिला.

"चाट सुंदर आहे," तो उजव्या तबल्याच्या कडेवरच्या बोलांबद्दल म्हणाला. "मधल्या काळ्या शाईवर बोट कुठे पडलं ते दिसतंय. पण डग्गा अजून बाहेरच उभा आहे."

ताण जास्त झाला होता. ताणलेला पडदा बारीक आवाज चपळाईने काढतो, पण खालच्या सुरासाठी लागणारी लांब हालचाल त्याला करता येत नाही. मी तो सैल केला. डग्गा आत आला, घुमारा आला. मात्र जोराची थाप पडली की पडदा चुंबकावर आपटून फरफर आवाज येई. शेवटी एका खेळण्यातल्या दोन दातेरी चाकांमधून पडदा हलक्या हाताने फिरवून त्याला बारीक चुण्या पाडल्या. त्यामुळे तो फार न ताणताही जागेवर राहिला. तरी आवाज एका मर्यादेपर्यंतच वाढवायचा, हे ठरलं. भावाला ते चाललं. तो म्हणाला, बैठकीतही तबल्याला कान लावून कोणी ऐकत नाही.

पुढची अडचण वजनाची. तो उशीला टेकून बसू लागला तेव्हा त्याची मान भरून यायची. मी बाहेरच्या अंगाचे चुंबक काढून दाखवले. हेडफोनचं वजन निम्म्यावर आलं, पण एकाच बाजूने खेच असल्यामुळे पडदा लांब गेला की त्याच्यावरची पकड सुटायची. डग्ग्यावरची मींड, म्हणजे डावं मनगट दाबत सरकवून काढलेला घुमता सूर, शेवटाला खरखरीत होई.

"परत लाव," भाऊ म्हणाला. "मान माझी आहे."

मी परत लावले.

खरी कटकट झाली ती हेडफोनच्या पाठीवरून. हा हेडफोन मागून उघडा होता, जाळीचा. पडद्याच्या मागच्या बाजूचा आवाज मोकळा सुटायला हवा, नाहीतर तो आतच आदळून पडद्याला अडवतो. पण त्यामुळे खोलीत सतत बारीक तबला ऐकू येई. शिकवणीच्या मुली हसायच्या. मला वहिनींची कणव आली. मी लाकडी झाकणं केली, आत लोकरीचा नमदा लावला आणि मागची बाजू बंद केली. खोली शांत झाली. भाऊ कुरकुरला, "हंड्यात डोकं घातल्यासारखं वाटतं." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दीड खोलीच्या घरात थोडी तडजोड त्यानेही करावी, असं माझं मत होतं.

पुढच्या खेपेला गेले तर झाकणं काढून खिडकीत ठेवलेली. मी भावाकडे रागाने पाहिलं.

"त्यांनी नाही, मी काढली," वहिनी म्हणाल्या. "ताई, ते बंद केलं की यांना माझी हाक ऐकू येत नाही. पाणी हवं का विचारलं तरी डोळे मिटून पडलेले. आणि उघडं असलं की मला कामात राहूनही कळतं. पाय ठणकायला लागला की हे एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावतात."

भावाने हे ऐकलं होतं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तो टेप उलटी करत होता.

मार्चच्या शेवटी केव्हातरी त्याने पारोळ्याच्या एका मैफलीची कॅसेट लावली. साथ त्याचीच होती. गावातल्या कोणीतरी चांगल्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण केलं होतं. मी शेजारी बसून डिंकाचे हात पुसत होते. अर्ध्यावर त्याने हेडफोन काढला आणि माझ्या हातात दिला.

"डावा हात ऐक."

मी ऐकलं. मला चांगलं वाटलं, तसं सांगितलं.

"उशिरा दाबतो मी," तो म्हणाला. "थाप पडते, मग मनगट सरकतं. मध्ये एक पोकळ जागा राहते. इतकी वर्षं कोणी बोललं नाही."

"कोणाला ऐकू येत असेल असं?"

"मला यायला हवं होतं."

त्यानंतर काही दिवस त्याने कॅसेट लावल्या नाहीत. वहिनींनी जळगावला फोन करून मला विचारलं की हेडफोन बिघडला का. नंतर कळलं, तो पलंगाच्या गादीवर डाव्या मनगटाने रियाज करत होता. पडल्या पडल्या, तबल्याविना. मग तो पुन्हा ऐकू लागला, पण आता इतरांचे फक्त डावे हात.

उन्हाळ्यात वजनं सुटली. पाय किंचित आखूड राहिला आणि मांडी घालता येईना. तबला तिवईवर ठेवून, खुर्चीत बसून वाजवायला त्याने सुरुवात केली. शिरपूरकडचे एका शिष्याचे वडील भेटायला आले तेव्हा खुर्ची पाहून थबकले.

"मास्तर, पाय कसा शे आते?"

"पाय तसाच शे," भाऊ म्हणाला. "हात बदलना."

हात बदलला होता, हे बऱ्याच जणांनी सांगितलं. काहींच्या मते डग्गा आता बोलू लागला होता. जुने साथीदार मात्र म्हणाले, पूर्वी थापेत जोर होता, तो गेला. फार विचार करून वाजवतो. एका गायकाने त्याला बोलावणं थांबवलं. दुसऱ्याने त्याच्याशिवाय बसायला नकार दिला. मला विचारलं असतं तर दोघंही बरोबर आहेत असं मी म्हटलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

मे महिन्यात धुळ्याच्या उन्हात पडद्याचा डिंक मऊ झाला आणि हेडफोन पुन्हा फरफरू लागला. मी नवीन पडदे केले, या वेळी थोडे जाड, जरा ताणून. उष्णतेला ते टिकले, पण चाटेची धार कमी झाली. भावाने लगेच ओळखलं आणि तक्रार केली नाही. नव्वदनंतर शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या वाजवण्याची कॅसेट भरून तो त्यालाच हेडफोनवर ऐकवायचा. काही जण दुसऱ्या दिवशी आले नाहीत. वहिनींनी एकदा त्याला म्हटलं, निदान पहिल्या महिन्यात तरी ऐकवू नका. तेव्हापासून तो महिनाभर थांबू लागला.