लसूण घातला म्हणून

तुमच्या घरात चटणीला कोणते शेंगदाणे लागतात: निवडलेले, की निवडून उरलेले?

आमच्याकडे उरलेले. आईचं माहेर कन्नड गावाजवळ. तिथून दरवर्षी शेंगदाण्याची गोणी येते, पण टपोरे दाणे त्याआधीच बाजारात गेलेले असतात. घरच्यांना आणि लेकीला मिळतात ते सुरकुतलेले, फुटके, एखादा काळपट, एखाद्यावर हिरवट बुरशी. याला तिथं कुणी कंजुषी म्हणत नाही, ती रीतच आहे. कडवटपणा लागू नये म्हणून आई चटणीत लसूण दुप्पट घालते.

मागच्या वर्षी मामा यकृताच्या कॅन्सरनं गेला. दारूला तो कधी शिवला नव्हता. तरी भेटायला आलेली माणसं अंगणात कुजबुजत होती, "चोरून पीत असंल." मला तिथंच ओरडावंसं वाटलं. डॉक्टरांनी कारण आधीच सांगितलं होतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू अनेक वर्षं त्याच्या अंगात होता, बहुधा जन्माच्या वेळी त्याच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडूनच आलेला. "सख्ख्या भावंडांनी तपासून घ्या," असंही ते म्हणाले. आईनं तपासून घेतलं. तिच्याही रक्तात तोच विषाणू निघाला. माझ्या रक्तात तो निघाला नाही आणि मी लस घेतली. आईला गोळ्यांची गरज अजून नव्हती, पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासणं आणि सोनोग्राफी चुकवायची नाही, असं बजावलं होतं.

तिनं पहिलीच चुकवली. कारण घरात बाबांचं पत्रक होतं, आणि तिला तेवढं पुरेसं वाटलं.

बाबा चिकलठाण्याला कारखान्यात होते तेव्हा कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. खोट्या ओळीवर चिडायला मी त्यांच्याकडूनच शिकले. निवृत्तीनंतर त्यांना गप्प बसवेना. मामा गेल्यावर त्यांनी नवं पत्रक काढलं, ‘हळद, लसूण, आवळा: यकृताचे पहारेकरी’, आणि गारखेड्यात सकाळी फिरायला येणाऱ्यांना वाटलं. त्यातला एकही शब्द बनावट नव्हता, हीच अडचण होती. हळदीतली, लसणातली द्रव्यं प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींना आवर घालतात, उंदरांमधल्या गाठी कमी होतात, हे वाचलेलं सगळं त्यांनी नीट उतरवलं होतं. फक्त उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर गाळलं होतं.

एका रविवारी आई चटणी कुटत होती. कुबट वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला.

"आई, या दाण्यांना बुरशी आलीय."

"लसूण घातलाय की लई. तुझ्या बाबांच्याच कागदात हाय, लसूण कॅन्सरला मारतो."

या बुरशीचं विषच यकृताचा कॅन्सर घडवू शकतं. विषाणू आधीच अंगात असेल तर धोका कितीतरी वाढतो. भाजून, कुटून ते विष पुरतं जात नाही आणि लसणानं तर फक्त चव झाकली जाते. मी पत्रक उचलून बाबांपुढे धरलं.

"बुरशी खा असं मी कुठं लिहिलंय?" बाबा म्हणाले.

"खाऊ नका असंही नाही लिहिलंत. सोनोग्राफीचंही नाही."

"पत्रक एका पानाचं असतं गं."

"कारखान्याचा मालक असं म्हणाला असता तर तुम्ही गेट बंद पाडलं असतं!"

बाबा चष्मा काढून उगाच पुसत बसले. आई वैतागली. "भांडा तुम्ही. मी हे शेजारच्या कोंबड्यांना टाकते."

"कोंबड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" मी म्हटलं.

ती हसली, पण हात थांबला होता. दाणे कचऱ्यात गेले.

माझं हळदीशी भांडण नाही. भाजीत, वरणात ती असूच द्या. भाज्या, फळं, डाळी भरपूर खा. पण हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेऊन काहींच्या यकृतालाच इजा झाली आहे, असं डॉक्टर सांगतात. हे बाबांना सांगताना माझा आवाज चढलाच. नवं पत्रक लिहायला ते त्याच संध्याकाळी बसले, आणि ते अजून पहिल्या ओळीवरच अडकलेत.

आईची सोनोग्राफी मात्र तशीच राहिली होती.

"आन् काय निघालं तर?" तिनं भाकरी थापता थापता विचारलं.

"लवकर निघालं तर उपचार होतात, आई."

"मग तुझ्या मामाचं निघालं तवा का नाय झालं?"

"त्याचं उशिरा कळलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मी एकटी नाय जायची. तुझ्या मावशीलाबी ने."

मावशीनं तपासणी केलेलीच नव्हती. मी कन्नडला फोन लावला. "मला काय धाड भरलीय?" ती कडाडली. "मी काय दारू पिती व्हय?" म्हणजे अंगणातली ती कुजबुज आता तिच्याही तोंडी आली होती. मी पुन्हा फोन केला. तिनं उचलला नाही. आईनं स्वतःच्या फोनवरून केला, तेव्हा उचलला. दोघी बहिणी काय बोलल्या ते मला कळलं नाही. आई एवढंच म्हणाली, "उद्याच्या यष्टीनं येती म्हणाली. बघू."

मला झोप नाही. ती येईल का, आईच्या सोनोग्राफीत पडद्यावर काय दिसेल, काहीच माहीत नाही. पण तुम्हाला एक मागणं मागते. तुमच्या घरात यकृताच्या आजारानं कुणी गेलं असेल, तर त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना याच आठवड्यात हिपॅटायटिस बीच्या रक्ततपासणीला न्या. नुसतं सांगू नका, सोबत जा.