चातुर्मासातला लसूण

माझ्या मामांइतका सुखी माणूस अख्ख्या डोंबिवलीत नव्हता, आणि इतरांना इतका छळणाराही नव्हता. मानपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते बिस्मथ आणि टेल्युरियम वितळवून मिश्रधातूच्या गोळ्या बनवायचे. गोळीची एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली की तिच्यातून वीज निघते. ती वाढावी म्हणून मामा थोडं बिस्मथ काढून त्या जागी अँटिमनी घालत. "सगळं नाही रे बदलायचं. थोडंच काढायचं आणि त्याच्याच भावकीतलं कुणीतरी बसवायचं. वीज सुखाने जाते, उष्णता मात्र ठेचकाळते." हेच तत्त्व ते घरीही लावत. पोह्यांत थोडे कुरमुरे, सदऱ्याला एक परकं बटण. सोसायटीच्या गणपतीत आरतीला बेसूर गाणाऱ्या शेजाऱ्याला खाली बसवून त्यांनी त्याच्या धाकट्या भावाला उभं केलं. तो जास्तच बेसूर निघाला, तर मामा खुशीत म्हणाले, "परिणाम तर झाला ना!"

मामींनी हे सगळं सोसलं. पण एका चातुर्मासात, घरात कांदा-लसूण बंद असताना, मामांच्या तोंडाला लसणाचा वास यायला लागला. मामींनी त्यांचं पान स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हलवलं. देवपूजेलाही हात लावू देईनात.

"अहो, बाहेर वड्याबरोबर चटणी खाता ना?"

"अगं, टेल्युरियमची वाफ अंगात गेली की असाच वास येतो."

"हो का! चोरून लसूण खायचा आणि नाव धातूचं पुढे करायचं!"

मामा माझ्याकडे येऊन बसले. "पान बाहेर मांडलं त्याचं काही नाही रे. पण ती मला खोटारडा समजते." शेवटी त्यांनी आपलाच उपाय केला. थोडं टेल्युरियम काढून सेलेनियम घातलं. गोळी अशी काही सुधारली की मामा पेढे घेऊनच घरी आले. पण वास तसाच! सेलेनियमही त्याच भावकीतलं, त्यालाही तीच खोड.

आणि एका रविवारी प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी शहाभाई घरी आले. कडक जैन, बटाटासुद्धा न खाणारे. ते "केम छो भाभी" म्हणाले आणि मामी पाण्याच्या तांब्यासकट मागे सरकल्या.

"शहाभाई, तुम्हीसुद्धा लसूण?"

"अरे भाभी, काय बोलता! आमच्या घरात सात पिढ्या लसूण नाय आला!"

मामी आत गेल्या आणि मामांचं पान परत स्वयंपाकघरात मांडलं. जेवताना हळूच म्हणाल्या, "उगाच बोलले मी."

"पुरावा मागितलास ते बरंच केलंस. मी तरी मोजल्याशिवाय कुठल्या गोळीवर विश्वास ठेवतो?"

दुसऱ्या दिवशी मामींनी जुन्या धोतराची दोन फडकी शिवली. एक मामांच्या तोंडाला, एक शहाभाईंच्या.

आता मामा-मामी दोघेही नाहीत. आमचं घर शांत आहे म्हणून शेजारी कौतुक करतात. पण मी बायकोला तोंडावर कधी काही विचारलं नाही आणि तिलाही विचारू दिलं नाही. हे आजवर कुणाशी बोललो नव्हतो. मामा-मामींसारखं एकदा तरी कडाडून भांडलो असतो, तर त्यानंतर एकत्र जेवायला बसण्यातलं सुख आम्हालाही कळलं असतं.