डाकार ते दार-एस-सलाम, एका दोऱ्याने

औष्णिक वीजकेंद्राच्या आरेखन विभागात माझी तीस वर्षे गेली. नकाशावरचे अंतर सांगण्याआधी कोपऱ्यातले प्रमाण वाचावे, हे मी नव्या मुलांना इतक्यांदा बजावले आहे की माझ्या पाठीमागे ती माझी नक्कल करतात. आणि तरीही धाकट्या भावाचा मी अपमान केला, तो प्रमाण न पाहताच.

बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे टांझानियात, दार-एस-सलामला राहत होती. भाऊ बॉयलर दुरुस्तीच्या कंत्राटावर सेनेगलमध्ये, डाकारला होता. दोघेही आफ्रिकेत, म्हणजे आमच्या घरच्यांच्या हिशेबी शेजारीच. मेहुणे अचानक गेले तेव्हा भाऊ तिच्याकडे पोहोचला तिसऱ्या दिवशी, अंत्यसंस्कार उरकल्यावर. मार्कंडा देवस्थानाजवळच्या आमच्या गावी मेहुण्यांच्या पुण्यानुमोदनाला नातेवाईक जमले असताना त्याचा फोन आला. मी सर्वांदेखत म्हणालो, "एकाच आफ्रिकेत राहून बहिणीपाशी जायले तीन दिवस लागले तुले? पायी गेलता का?"

दोघे-तिघे हसले. पलीकडून तो एवढेच म्हणाला, "ठीक आहे, भाऊ."

त्यानंतर त्याने मला फोन केला नाही. यंदा सुटीवर आला तेव्हाही चंद्रपूरला, ऊर्जानगर वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरवर न थांबता परस्पर गावी आईकडे गेला.

त्याच आठवड्यात क्वार्टर आवरताना मुलीचा शाळेतला पृथ्वीगोल कपाटावर सापडला. सहज म्हणून मी शिवणाचा दोरा डाकारवर धरला आणि दार-एस-सलामपर्यंत ताणला. वाटले त्याहून कितीतरी जास्त दोरा लागला; तेवढाच मी तोडून घेतला. मोबाइलवर पाहिले: सहा हजार सहाशे किलोमीटरच्या वर. थेट उडाले तरी आठ-साडेआठ तास. विमाने बदलत, मधल्या विमानतळांवर ताटकळत गेले तर अख्खा दिवस, आणि तिकीट मिळेपर्यंतचा वेळ वेगळाच. एका खंडाच्या पोटात एवढी पृथ्वी मावते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होते.

मग तोच दोरा दार-एस-सलामवर धरून मी आपल्या बाजूला वळवला. तो समुद्र ओलांडून चंद्रपूरला आला आणि तिथे न थांबता पुढे ब्रह्मदेशाच्या वेशीपर्यंत गेला. मी कितीतरी वेळ बोट उचलले नाही. बहिणीच्या अधिक जवळ मी होतो. आणि जाण्याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोल पिशवीत घालून मी गावी गेलो. पिशवीचा गोल फुगवटा पाहून आई म्हणाली, "कोहळा आणला का रे?"

भावासमोर मी दोरा दोन्ही बाजूंनी ताणून दाखवला. म्हणालो, "माझं चुकलं. सगळ्यांसमोर चुकलं, तर सगळ्यांसमोरच सांगीन."

तो गोल हळूहळू फिरवत राहिला. "खिडकीतून पाहून राह्यलो होतो, भाऊ. सकाळपासून खाली नुसती माती, वाळू, मंग माती. जमीन संपतच नोती. मले वाटलं, ताईपर्यंत हे विमान काई पोचत नाई."

"तेव्हा बोलला काऊन नाई?"

"तुमी बोलून राह्यले होते ना."

आई हसली. मला हसता आले नाही.

निघताना तो न विचारता माझ्या मोटारसायकलवर मागे बसला, गोल मांडीवर घेऊन. "वहिनीले फोन करा," म्हणाला, "जेवाले येतो म्हणून." ऊर्जानगरपर्यंत मी गाडी फार हळू चालवली.