पडणाऱ्याची भाषा

सुभेदार जगताप कुणीही बांधलेल्या दोराच्या गाठीवर नुसत्या सांगण्यावरून विश्वास ठेवत नसत. अंगाचा सगळा भार टाकून तिला लोंबकळत आणि म्हणत, "ही काय लग्नगाठ आहे? ही सुटून चालायची नाही." मूळचे साताऱ्याकडचे. जयपूर छावणीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ऐंशीच्या दशकात, रविवारी आमेरच्या किल्ल्यामागच्या खडकांवर ते कडे चढायला शिकवणारे प्रशिक्षक तयार करत.

माझे वडील त्याच छावणीत होते. मी कॉलेजात स्त्री-समानतेची पत्रकं वाटणारी. खडकांवर गेले त्या पहिल्याच दिवशी मी उस्तादांना गाठलं. "काका, तुमच्या प्रशिक्षकांत एकही मुलगी का नाही?"

"आलीच नाही कुणी. तू आलीस. आता भाषण पुरे, बूट बांध."

पुढच्या रविवारी मी जयपूरलगतच्या झोटवाड्याच्या कमलाला, माझ्या मैत्रिणीला, घेऊन गेले. तिथल्या मुलींच्या शाळेनं तिला शब्द दिला होता: प्रमाणपत्र आण, आमच्या मुलींना तूच शिकव. उस्ताद तिला तिकडच्या रीतीनं, मानानं 'बाईसा' म्हणत. ती चुकली की मलाही झापत. "समानता पाहिजे ना? घे!"

परीक्षेच्या दिवशी मी चढत होते. वरच्या कडीतून खाली आलेला माझा दोर कमलाच्या हातात होता. खडकाच्या फुगवट्याआड मी तिला दिसत नव्हते. माथा हातभर राहिला असताना पाय निसटला आणि मी किंचाळले, "आई!"

हिंदीत 'आई' म्हणजे 'आले'. मी माथ्यावर पोचले असं समजून कमलानं दोर सैल सोडला. उस्तादांनी दोरावर झडप घातली म्हणून गुडघा फुटण्यावर निभावलं.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "लड़की ने रस्सी छोड़ दी. फेल."

मी तोंड उघडणार तोच उस्ताद पुढे झाले.

"साहब, इसने जो सुना वही किया. गलती सिखानेवाले की है. इम्तिहान फिर लीजिए, मुझ पर."

मग कमलाकडे वळून म्हणाले, "बाईसा, हम मराठी लोग 'आई' बोलें, मतलब माँ. मतलब गिरा. पकड़ना!"

निवृत्तीला आलेला तो माणूस तिच्याच हातात स्वतःचा दोर देऊन चढला. फुगवट्याआड गेला. आणि दोन्ही हात सोडून साऱ्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडला, "आई गं!"

दोर ताठ झाला. कमलाचे पाय जमिनीवरून उचलले गेले, खांदा खडकावर आपटला. मूठ सुटली नाही.

वरून आवाज आला, "लटक रहा हूँ, साहब! लिखो पास!"

परीक्षकांनी लिहिलं.

पुढच्या वर्षी उस्ताद निवृत्त होऊन गावी गेले. झोटवाड्याच्या शाळेत आज कमला शिकवते. नव्या मुलीला खडकाला हात लावू देण्याआधी ती विचारते, "डर लगे तो तेरे मुँह से क्या निकलता है?" मुलगी लाजत सांगते. मग कमला तो शब्द खाली दोर धरणाऱ्या प्रत्येकीकडून मोठ्यानं म्हणवून घेते.